टोपी-चष्म्याची खिडकी काय पुसते आणि काय ठेवते

पावसाळ्यात खानापूरला एका ऑनलाइन सेंटरचा प्रिंटर बघायला गेलो होतो. माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. टेस्ट प्रिंट काढायला एखादी फाईल हवी म्हणून डाउनलोड्सचा फोल्डर उघडला आणि हात तिथंच थांबला. ई-आधार, रेशनकार्ड, दहावीचं मार्कशीट, शेताचा उतारा, कुणाच्या तरी बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. खाली सरकवत गेलो तरी यादी संपेना. सेंटर चालवणारा पोरगा प्रामाणिक आहे, त्याच्या मनात काही वाकडं नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी सगळ्यांचं इन्कॉग्निटोतच करतो की सर. खिडकी बंद केलो की सगळं जातंय."

त्याच आठवड्यात बेळगावात एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. हार्ड डिस्क बदलून होईपर्यंत बसला होता. बोलता बोलता त्यानं विचारलं, "हॉस्टेलच्या वायफायवर इन्कॉग्निटो लावून बघितलं तर कॉलेजला कळत नाही की?"

इन्कॉग्निटो म्हणजे इंटरनेट बघायच्या ॲपमधली खासगी खिडकी. दोघांनाही ही खिडकी रोजच्या सवयीची, आणि दोघांचाही समज चुकीचा. ती ज्यांच्यापासून लपवतच नाही त्यांच्यापासून लपायला लोक ती वापरतात. ज्या ठिकाणी तिचा खरा उपयोग आहे तिथं एक तर वापरत नाहीत किंवा अर्धवट वापरतात. आपल्या भागात एका फोनवर चार माणसं आणि एका सेंटरवर दहा गावं चालतात. त्यामुळं हा फरक नीट समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं.

ही खिडकी म्हणजे नक्की काय

इंटरनेट बघायला आपण जे ॲप उघडतो, क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, त्याला ब्राउझर म्हणतात. यातल्या प्रत्येकात एक खासगी खिडकी असते. क्रोममध्ये तिचं नाव इन्कॉग्निटो, रंग काळपट, चिन्ह टोपी आणि चष्म्याचं. एजमध्ये तिला इनप्रायव्हेट म्हणतात, फायरफॉक्स आणि सफारीत प्रायव्हेट. सफारीनं ही सोय २००५ मध्ये दिली, क्रोम २००८ मध्ये आलं ते ही सोय घेऊनच, आणि वर्षभरात फायरफॉक्सनं आणि एजच्या आधीच्या इंटरनेट एक्सप्लोररनंही तीच वाट धरली.

साध्या खिडकीत ब्राउझर तुमच्यासाठी तीन गोष्टी लिहून ठेवतो. कुठल्या पानांवर गेलात त्याची यादी, म्हणजे हिस्ट्री. फॉर्ममध्ये काय भरलंत ते. आणि कुकीज. पहिल्या दोन समजायला सोप्या आहेत, कुकीसाठी मात्र थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेलात की देवळाबाहेर चपला ठेवताना हातात एक बिल्ला मिळतो. चपला सांभाळणाऱ्याला हजारो लोकांत तुमचा चेहरा लक्षात राहणार नाही, पण बिल्ला दाखवलात की तो बरोबर तुमचीच जोडी काढून देतो. वेबसाईटचंही तसंच आहे. तिला स्वतःहून कुणी लक्षात राहत नाही, म्हणून ती तुमच्या ब्राउझरच्या खिशात एक बिल्ला टाकते आणि तुम्ही परत आलात की तो बघते. हा बिल्ला म्हणजे कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्यानं ही युक्ती काढली. तुम्ही एकदा लॉगिन केल्यावर पान बदललं तरी लॉगिन टिकतं ते या बिल्ल्यामुळं. आणि एखाद्या साईटवर मिक्सर बघितलात की पुढचा आठवडाभर जिथं जाल तिथं मिक्सरच दिसतो, त्याच्यामागंही बहुतेक वेळा जाहिरात कंपन्यांचे असेच बिल्ले असतात.

खासगी खिडकी उघडता तेव्हा ब्राउझर रिकाम्या खिशानं आत शिरतो. जुने बिल्ले बाहेरच राहतात. आत फिरताना नवे मिळतात, पण खिडकी बंद करताना ब्राउझर ते टाकून देतो, आणि हिस्ट्रीही लिहीत नाही. तिचं काम एवढंच.

"खिडकी बंद करताना" हे शब्द मात्र नीट लक्षात घ्या. क्रोममध्ये जितक्या खासगी खिडक्या उघड्या असतील त्या सगळ्यांचा खिसा एकच असतो. तुम्ही एक टॅब बंद केलात आणि दुसरा मागं उघडा राहिला, तर तुमचं लॉगिन अजून तिथं जिवंत आहे. फोनवर तर कित्येकांचे खासगी टॅब आठवडेच्या आठवडे उघडे असतात. दुरुस्तीला आलेल्या फोनवर हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता फोन हातात घेताना आधी मालकालाच सगळे टॅब बंद करायला सांगतो.

कोगनोळीच्या नाक्यावरची नोंद

समजा, तुम्ही घरी न सांगता गाडी काढून बेळगावहून कोल्हापूरला जाऊन आलात. परत आल्यावर गाडी धुतली, चपलांची धूळ झटकली, खिशातली बिलं फाडून टाकली. घरच्यांना पत्ता लागणार नाही. पण हत्तरगीच्या टोलनाक्यावर तुमचा फास्टॅग वाजला होता. कोगनोळीला पुन्हा वाजला. कोल्हापुरात ज्या दुकानात गेलात तिथल्या कॅमेऱ्यात तुम्ही आहात. आणि गाडी कंपनीची असेल, तिला जीपीएस लावलेला असेल, तर मालकाकडं सगळा रस्ताच आहे.

खासगी खिडकी ही धूळ झटकण्यापुरतीच आहे. टोलनाका म्हणजे तुम्हाला इंटरनेट पुरवणारी कंपनी, मग ती सिमची असो की केबलवाल्याची. कोल्हापूरचं दुकान म्हणजे तुम्ही उघडलेली वेबसाईट. आणि गाडीचा मालक म्हणजे कॉलेज, ऑफिस किंवा ज्याच्या वायफायवर तुम्ही बसलाय तो. यांच्यापैकी कुणाच्याही वहीला ही खिडकी हात लावत नाही, लावूच शकत नाही, कारण त्या वह्या तुमच्या मशीनवर नाहीतच. क्रोमची खासगी खिडकी उघडली की पहिल्याच पानावर हे लिहिलेलं असतं. पण ते पान वाचायला थांबतो कोण?

त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं. हॉस्टेलच्या वायफायवर तू कुठल्या साईटवर गेलास ते तिथल्या नेटवर्कवाल्याला बघायचं असेल तर बघता येतं, तुझी खिडकी काळी असो की पांढरी. तो जरा गप्प झाला.

नाकेवाल्याला नेमकं किती दिसतं

सगळंच दिसत नाही, हेही सांगायला हवं. पूर्वी बहुतेक वेबसाईटींशी होणारी देवाणघेवाण पोस्टकार्डासारखी होती, वाटेत कुणीही वाचावं अशी. आता बहुतेक साईटींचा पत्ता एचटीटीपीएस या अक्षरांनी सुरू होतो. म्हणजे मजकूर बंद पाकिटात जातो. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता कळतो, आतलं पत्र वाचता येत नाही. तुम्ही एखाद्या हॉस्पिटलच्या साईटवर गेलात हे इंटरनेट कंपनीला कळू शकतं, पण तिथं कुठल्या आजाराचं पान वाचलंत ते कळत नाही. हे संरक्षण एचटीटीपीएसचं आहे, साध्या खिडकीतही तेवढंच मिळतं.

आणि पाकिटावरच्या पत्त्यांची नोंद ठेवणं भारतात कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं परवान्याच्या अटी बदलून इंटरनेट वापराच्या नोंदी किमान २ वर्षं जपून ठेवणं बंधनकारक केलं. फोनवरची हिस्ट्री पुसली म्हणजे प्रकरण मिटलं असं समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मग काळ्या खिडकीतही कन्नड जाहिरात कशी

हा प्रश्न मला टिळकवाडीतल्या एका काकूंनी विचारला होता आणि प्रश्न फार चांगला आहे. त्या मराठीतच शोधतात, मराठीतच वाचतात, गुगलला लॉगिनही केलेलं नाही, खासगी खिडकी उघडली आहे. तरी बेंगळुरूच्या बिल्डरची कन्नड जाहिरात येतेच. "म्हणजे त्यांना मी कुठली ते कळतंय की!"

कळतंय. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जोडणीला एक आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. पान मागवायचं तर तो द्यावाच लागतो, नाहीतर उत्तर कुठं पाठवणार? त्या आकड्यांवरून निदान राज्याचा आणि पुष्कळदा शहराचा अंदाज येतो. खासगी खिडकी तो झाकत नाही. घरी करून बघा. खासगी खिडकीत गुगलवर "जवळचं हॉटेल" शोधा आणि पान अगदी तळापर्यंत न्या. बहुधा तिथं गावाचं किंवा शहराचं नाव दिसेल, आणि ते आयपी ॲड्रेसवरून काढल्याची ओळही.

याच्या पुढची एक पायरी आहे, तिला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. बोटाच्या ठशाशी संबंध नाही, पण कल्पना तीच. पान नीट दाखवता यावं म्हणून ब्राउझर साईटला बरीच माहिती देतो किंवा काढू देतो. स्क्रीन केवढी, घड्याळ कुठल्या देशाचं, भाषा कुठली, कुठले फॉन्ट बसवलेत. एकेक गोष्ट लाखोंकडं सारखी असते, पण सगळ्या एकत्र धरल्या की वेगळेपण उठून दिसतं. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं २०१० मध्ये असा प्रयोग केला तेव्हा तपासलेल्या ब्राउझरांपैकी शंभरात ८० हून जास्त एकमेव निघाले.

आता आपल्याकडचं बघा. बेळगावातल्या डीटीपीच्या दुकानात एकाच मशीनवर कन्नडसाठी नुडी आणि मराठीसाठी श्रीलिपी ही टायपिंगची सॉफ्टवेअर आणि त्यांचे फॉन्ट असतात, कारण गिऱ्हाईक दोन्हीकडचं. लग्नपत्रिका मराठीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये. पुण्यात नुडी सहसा सापडणार नाही, म्हैसूरला श्रीलिपीचे मराठी फॉन्ट क्वचित. दोन्ही एकत्र असलेलं मशीन म्हणजे सीमाभागातलं मशीन, हे ओळखायला कुकीची गरज नाही. भाषांची जी सरमिसळ आपली रोजची ओळख आहे, तीच इथं आपली खूण ठरते. फायरफॉक्स, सफारीसारखे ब्राउझर आता ही माहिती कमी देण्याचा प्रयत्न करतात. पण खासगी खिडकी उघडली की फिंगरप्रिंटिंग थांबलं, असं अजिबात नाही.

अमेरिकेतला खटला

हा गैरसमज फक्त आपल्याकडचा नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात गुगलविरुद्ध खटला दाखल झाला. वापरणाऱ्यांचं म्हणणं असं, की आम्ही इन्कॉग्निटोत असतानाही गुगलची जाहिरातींची आणि मोजदादीची साधनं दुसऱ्यांच्या साईटींवर बसून आमची माहिती गोळा करत होती. मागणी होती किमान ५ अब्ज डॉलरची. एप्रिल २०२४ मध्ये तडजोडीच्या अटी जाहीर झाल्या. अशी अब्जावधी रेकॉर्ड नष्ट करायची, इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरचा मजकूर जास्त स्पष्ट करायचा, आणि दुसऱ्या कंपन्यांच्या कुकीज तिथं आपोआप अडवण्याची सोय ५ वर्षं चालू ठेवायची, असं गुगलनं मान्य केलं. वापरणाऱ्यांच्या हातात त्या तडजोडीतून पैसे आले नाहीत. खटल्यानंतर त्या पहिल्या पानावर गुगलसह इतर सेवा माहिती कशी गोळा करतात ते या खिडकीमुळं बदलत नाही, अशा अर्थाची ओळ आली. ती ओळ पहिल्या दिवसापासून हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

यातलाच एक साधा मुद्दा बरेच जण विसरतात. खासगी खिडकीत जाऊन तुम्ही जीमेलला किंवा यूट्यूबला लॉगिन केलंत तर तुम्ही स्वतःच नाव सांगितलं. मग तिथं जे बघाल ते तुमच्या खात्यात नोंदवलं जाऊ शकतं.

मग ही सोय आहे कुणासाठी

इथपर्यंत वाचून वाटेल, हिचा काही उपयोगच नाही. मला तसं वाटत नाही.

एका घरात एक स्मार्टफोन आहे. दिवसा सासऱ्यांकडं, संध्याकाळी पोरांकडं, रात्री उशिरा कधीतरी सुनेच्या हातात. तिला पाळी अनियमित असण्याबद्दल वाचायचं आहे, किंवा मूल का होत नाही ते. साध्या खिडकीत शोधलं तर दुसऱ्या दिवशी सासरे गुगलमध्ये एक अक्षर टाइप करतील आणि तिचा शोध खाली उघडा पडेल. पोराच्या यूट्यूबवर त्याच विषयाचे व्हिडिओ येऊ लागतील. या बाईसाठी खासगी खिडकी हे खरं संरक्षण आहे, कारण तिला लपवायचंय ते घरातल्यांपासून. कर्जात बुडालेला माणूस, नोकरी शोधणारी मुलगी, स्वतःच्या आजाराबद्दल घरच्यांना अजून न सांगितलेला म्हातारा, सगळ्यांना ती तितकीच कामाची. घरात मार खाणाऱ्या बाईला १८१ या महिला हेल्पलाइनबद्दल शोधायचं असेल तर तिनं ते याच खिडकीत शोधावं, आणि नंतर सगळे खासगी टॅब बंद करावेत. १८१ ला फोन केला तर तो कॉललॉगमध्ये राहतो, तो वेगळा पुसावा लागतो.

एक धोका मात्र आहे. कुणी तुमच्या फोनवर पाळत ठेवणारं ॲप गुपचूप टाकलं असेल तर खासगी खिडकीचा काही उपयोग नाही. ते ॲप ब्राउझरच्या बाहेर बसलेलं असतं, तुम्ही काय टाइप करता ते आणि स्क्रीनसुद्धा बघू शकतं. असा संशय असेल तर आपल्या फोनवर शोधूच नये, विश्वासातल्या मैत्रिणीचा फोन घ्यावा.

आणि ज्यांना वाटतं की खासगी खिडकीत व्हायरस येत नाही, त्यांनी ते डोक्यातून काढून टाकावं. वाहतूक दंडाच्या चलनाच्या किंवा सरकारी योजनेच्या नावानं व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाईल कुठूनही घेऊन बसवली तरी ती तेवढंच नुकसान करते. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

"लपवण्यासारखं काही नसेल तर कशाला?"

हे मला नेहमी ऐकवलं जातं, बहुतेक वेळा ज्यांचा फोन दुसरं कुणी वापरत नाही अशा माणसांकडून. घरात चोरी होत नसली तरी न्हाणीघराला कडी असतेच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश होते. आधारच्या सक्तीविरुद्ध ते २०१२ मध्ये कोर्टात गेले तेव्हा त्यांचं वय ८० च्या पुढं होतं. खानापुरातला तो डाउनलोड्सचा फोल्डर आठवला की मला त्यांची आठवण होते.

"मग व्हीपीएन घेऊ का?"

व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी पाकिटं आधी एका मोठ्या पाकिटात घालून तिसऱ्याच कंपनीकडं पाठवायची, आणि तिनं ती पुढं टाकायची. टोलनाक्याला तुम्ही कुठं गेलात ते कळत नाही, पण त्या तिसऱ्या कंपनीला कळतं. म्हणजे भरवसा एकाकडून काढून दुसऱ्यावर टाकला, एवढंच. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं व्हीपीएन कंपन्यांना गिऱ्हाइकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच हलवले. फुकटचा व्हीपीएन तर घेऊच नका, त्याचा खर्च कुणीतरी कशातून तरी काढणारच.

गणपतीत पुण्याहून येणाऱ्या बसचं तिकीट खासगी खिडकीत स्वस्त मिळतं म्हणतात. भाडं ठरतं ते उरलेल्या सीटवर आणि मागणीवर. बघायला हरकत नाही, पण त्या नादात सीट घालवू नका.

सेंटरवर बसताना

आता पुन्हा खानापूर. गृहलक्ष्मी योजनेचा अर्ज असो, स्कॉलरशिप असो की उतारा, आपल्यापैकी बहुतेकांची सगळ्यात नाजूक कागदपत्रं सेंटरच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या मशीनवरूनच जातात. खासगी खिडकीची खरी जागा हीच. लॉगिन करण्याआधी ती उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. काम झालं की लॉगआउट करा आणि सगळ्या खासगी खिडक्या बंद करा.

पण डाउनलोड केलेली फाईल ही खिडकी पुसत नाही. ती उतरवून घेतली की मशीनची झाली. त्या पोराची गफलत नेमकी इथं होती. ई-आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ओळखीच्या माणसाला मिनिट लागत नाही. म्हणून प्रिंट निघाली की डाउनलोड्समधली फाईल स्वतः समोर उभं राहून पुसून घ्या, नंतर रिसायकल बिनमधूनही. चालत असेल तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तो फोल्डर रिकामा केला. मग त्याच्या क्रोमच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन टार्गेटच्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून दोन हायफन आणि त्याला जोडून इंग्रजीत इन्कॉग्निटो हा शब्द टाकला. आता त्या आयकॉनवरून क्रोम उघडलं की खासगी खिडकीच येते, गिऱ्हाइकाला आठवण ठेवावी लागत नाही. एका मिनिटाचं काम आहे, कुठल्याही सेंटरवाल्यानं करून घ्यावं.

निघताना त्यानं फोन पुढं केला. "सर, आणि हे?" लोक प्रिंटसाठी कागद त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि ते सगळे तिथं पडून होते. वर एका आजोबांचं पेन्शनचं पत्र, खाली कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट. त्याच्यावर कुठल्याच खिडकीचा इलाज नाही. पाठवणाऱ्यानं साधारण अडीच दिवसांच्या आत "सगळ्यांसाठी डिलीट करा" हे वापरलं तर मेसेज जातो, पण फाईल आधीच उतरवलेली असेल तर ती राहतेच. त्यानं दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवलाय, वर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये: प्रिंट झाल्यावर व्हॉट्सॲपवरचा कागद आमच्यासमोर डिलीट करा. पेनड्राइव्ह आणलात तर उत्तम.